पिळायचं किती अन् थांबायचं कुठं? जुन्या स्वयंपाकातलं गाळणं-पिळणं

पूर्णाकाठची

चैत्र सरला की आमच्या गावात घरोघरी कुरडईसाठी गहू भिजतात, आणि दरवर्षी कोणीतरी येऊन म्हणतं, "काकू, चीक काळसर झाला, कुरडई पांढरी झालीच नाही." कोणी गव्हाला दोष देतं, कोणी बोअरच्या पाण्याला. मी आधी विचारते, चोथा किती पिळला? उत्तर बहुतेक वेळा हेच येतं, की सगळाच पिळला, वाया कशाला घालवायचा.

तिथंच घोळ आहे. पिळणं, गाळणं, वजनाखाली दाबून ठेवणं ही आपल्या आयाबायांची रोजची कामं होती, आणि त्यातलं कसब हात कधी आवरायचा यात होतं. ते कुठं लिहिलेलं सापडत नाही. कृतीत नुसतं "गाळून घ्या" असतं. किती जोरानं, कोणत्या कापडातून, कितव्या पाण्याला थांबून, ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

चिकापासून सुरू करते. गहू, आमच्याकडे लोकवन, तीन दिवस भिजवायचे आणि पाणी रोज बदलायचं. वैशाखाच्या उन्हात एक दिवस जरी पाणी बदलायचं राहिलं तर जो वास बसतो तो कुरडई तळल्यावरही येतो. तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत दाबून पाहायचा. टरफल बाजूला होऊन आतून पांढरं दूध फुटलं की गहू तयार. मग जाडसर वाटायचा. फार बारीक वाटला तर कोंड्याचाही भुगा होतो, आणि तो कोणत्याही फडक्यातून खाली उतरतो.

वाटलेला गहू कोपरात, म्हणजे मोठ्या परातीत, घेऊन थंड पाणी घालायचं आणि तळहातानं कालवत राहायचं. हाताला आधी सगळं सैल लागतं. थोड्या वेळानं चोथा गोळा व्हायला लागतो, ओढला तर ताणला जातो, आणि पाणी दाट पांढरं होतं. हे पहिलं पाणी फडक्यातून गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, गाळायचं. गाळताना फडक्याची पुरचुंडी करून पीळ घालायचा नाही. दोन्ही तळव्यांत धरून दाबायचं आणि सोडायचं. चोथ्यात पुन्हा पाणी, पुन्हा कालवणं. दुसरं पाणी पातळ पण पांढरंच असतं. तिसऱ्या पाण्याला पिवळट झाक दिसली की पुरे. त्यापुढे जे निघतं तो कोंड्याचा रंग असतो.

गंज रात्रभर झाकून, न हलवता ठेवायचा. सकाळी वरचं पाणी ओतताना गंज एकदा कलता केला की तसाच धरायचा. मध्येच उभा करून पुन्हा कलता केला तर बसलेला चीक उठतो. पाणी गेल्यावर चिकावर राखाडी-पिवळा पातळ थर दिसतो. तो चमच्यानं खरवडून वेगळा काढा, त्याच्याखाली शुभ्र चीक घट्ट बसलेला असतो. माझ्या सासूबाई तो वरचा थर फेकत नसत. चोथ्यातच मिसळत, त्यात ज्वारीचं पीठ, तीळ, लसूण, तिखट, मीठ घालून वड्या घालत. पावसाळ्यात त्या वड्या तळून भाकरीसोबत खायला कुरडईपेक्षा कमी नसतात.

तुमच्याकडे काय काय पिळलं-गाळलं जायचं, आणि थांबायची खूण काय, ते लिहा. हाताला येईल असं लिहा.

मोर्शीची लेक

पूर्णाताई, आमच्या भागात ही गोष्ट संत्र्यानं शिकवली. वरुड-मोर्शीकडे घरी ढिगानं संत्री असतात. पाहुणे आले की रस निघणारच. मशीनमध्ये अख्ख्या फोडी बियांसकट दाबून काढलेला रस पहिल्या घोटाला गोडच लागतो. तोच जग तीन-चार तास ठेवा, मग चाखा. कडू जहर.

आईची पद्धत अशी होती: फोड सोलून तिच्या कडेचं पांढरं काढायचं, बी काढायची, आणि पिकलेल्या गरावर नुसता तळवा दाबायचा. गर पूर्ण कोरडा होईस्तोवर पिळायचा नाही. थोडा रस फोडीत राहतोच, तो राहू द्यायचा. मग सैल विणीच्या फडक्यातून आपसूक गळू द्यायचं. असा रस संध्याकाळपर्यंत बराच गोड राहतो. मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारी-मार्चात येतं, तेव्हा ऊन वाढत असतं आणि घरात दिवसभर कोणी ना कोणी रस मागतं, म्हणून ही काळजी घ्यावीच लागते.

शाळामास्तर वाशीम

वरच्या दोन्हीही गोष्टींमागे सरळ कारणं आहेत, सांगतो.

संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं, जे मुळात कडू नसतं. रसातल्या आंबटपणाशी गाठ पडली की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. म्हणून कडवटपणा लगेच जाणवत नाही, उशिरानं येतो. जितकं पापुद्रे-बिया चिरडाल तितकं ते रसात जास्त उतरतं. नागपुरी संत्र्याच्या रसाची ही अडचण प्रक्रिया करणाऱ्यांनाही चांगलीच ठाऊक आहे.

चिकाचं म्हणाल तर गव्हातलं ग्लूटेन पाण्यात विरघळत नाही. कालवलं की एकमेकांना धरून राहतं. ताईंनी लिहिलेला ताणला जाणारा चोथा म्हणजे तेच, कोंडा पोटात घेतलेलं. स्टार्चचे कण मात्र सुटे होऊन पाण्यात येतात, आणि पाण्याहून जड असल्यानं तळाशी बसतात. वरचा राखाडी थर हलक्या, बारीक कणांचा आणि प्रथिनांचा. पाणी थंडच हवं, कारण ६० अंशांच्या आसपास गव्हाचं स्टार्च फुगून खळ व्हायला लागतं. मग ते ना गाळता येतं, ना तळाशी बसतं.

अकोटची काकू

चीक झाला, आता पुरणाचं बोला! आमच्याकडे पोळ्याला, महालक्ष्म्यांना, अक्षय तृतीयेला पुरण लागतंच, आणि वऱ्हाडातली पोळी पुरणानं गच्च भरलेली. एवढं पुरण भरायचं तर त्यात एक कण जाड राहून चालत नाही. कण राहिला की पोळी तिथंच फाटते.

डाळ बोटात धरल्यावर पीठ झाली पाहिजे, तेव्हाच गूळ किंवा साखर घालायची. आधी गोड पडलं की डाळ मग तासभर शिजवा, मऊ होत नाही. डाळ शिजल्यावर चाळणीत उपसून कट निथळू द्यायचा. इथं पिळायचं नाही, दाबायचंही नाही, नुसतं निथळू द्यायचं. दाबलं तर डाळीचा गरच कटात जातो. कट वेगळा ठेवून त्याची आमटी.

आणि पुरण यंत्रातून काढायचं ते गरम असतानाच. मी पाहते, मुली पुरण आटवून, गार करून, निवांत यंत्र काढून बसतात आणि मग खांदे दुखतात म्हणतात. गार पुरण घट्ट होतं, जाळीतून उतरत नाही. यंत्र नव्हतं तेव्हा माझी आई गरम पुरण पाट्यावर घ्यायची आणि वरवंटा रगडायची, तळहात भाजायचे. मी पाट्याची आठवण काढून रडणारी नाही. पितळी यंत्र आलं ते फार बरं झालं.

नोकरीवाली नागपूर

सगळं वाचतेय आणि आवडतंय. पण एक बोलते, राग मानू नका. मी रोज ड्यूटीवर जाते, घरी दोन लेकरं. तीन दिवस गहू सांभाळायला, पाट्यावर वाटायला मला वेळ नाही. पाट्यावर वाटणाऱ्या बायांच्या पाठीही मोडल्या. मिक्सरला सारखी नावं ठेवली की माझ्यासारख्या हे काम सोडूनच देतात आणि दुकानातून आणतात. मिक्सर घेऊन चांगला चीक कसा काढायचा तेवढं सांगा.

पूर्णाकाठची

बाई, तू बोललीस ते बरोबर आहे आणि बोललीस ते बरं केलंस. अकोटच्या काकूंनीही तेच म्हटलं. पाठ मोडणारं काम जावंच.

मिक्सरमध्ये चीक चांगला निघतो, मीही आता तसाच काढते. भांडं अर्धंच भर, पाणी घाल आणि सलग फिरवू नकोस. दोन-तीनदा थोडं थोडं फिरवून थांब. दाणा फुटला पाहिजे, टरफलं मोठी दिसली पाहिजेत. टरफलं दिसेनाशी झाली म्हणजे जास्त झालं. सलग फिरवल्यानं वाटण तापतंही, आणि मास्तरांनी सांगितलं तसं ते तापायला नको. भिजवणं रात्री झोपताना आणि पाणी बदलणं सकाळी डबा करताना, असं बसवता येतं. शनिवारी संध्याकाळी गाळलंस तर रविवारी सकाळी चीक बसलेला मिळतो.

वैनगंगेकाठचा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गहू कमी, धान जास्त. तेव्हा आमचं गाळणं म्हणजे भात पसवणं. भात बोटचेपा झाला की गंजावर झाकण धरून पेज काढायची. लहानपणी आजी त्या गरम पेजेत मीठ घालून वाटी हातात द्यायची, उन्हात बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जायच्या आधी. प्रेशर कुकर आल्यापासून ती वाटी घरातून गेली.

दुसरं, मोहाचं तेल. गडचिरोलीकडच्या गावांत माझं बरंच जाणं असतं. फुलं चैत्रात वेचतात हे सगळ्यांना माहीत असतं. फळं पिकून पडतात पावसाळ्याच्या तोंडावर, आणि त्यातल्या बियांत तेल असतं. बी फोडून, वाळवून, कुटून आधी वाफवतात. वाफवलेला गर गरम असतानाच गच्च भरून दोन जाड लाकडांच्या मध्ये धरतात आणि लाकडं एका टोकाला हळूहळू आवळत जातात. मी जवळ बसून पाहिलं आहे. आवळणारा माणूस घाई करत नाही. थोडं आवळतो, धार लागली की थांबतो, धार तुटली की पुन्हा थोडं आवळतो. विचारलं तर म्हणाले, एकदम आवळलं तर गर बाजूनं फुटून बाहेर येतो आणि तेल गढूळ होते जी. थंडीत हे तेल गोठतं, तुपासारखं रवाळ.

याची पेंड मात्र गुरांना घालत नाहीत, ती जनावराला बाधते. धानाच्या बांधीत खत म्हणून टाकतात.

वर्धाकाठ

तेलाचा विषय निघाला तर वर्ध्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं ठाणं वर्ध्याला मगनवाडीत. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. तिथं झवेरभाई पटेलांनी बैलाच्या घाणीवर बसून अभ्यास केला: उखळाचा आकार, लाटेचा (उखळात फिरणाऱ्या लाकडी दांड्याचा) कल, भरण किती घ्यायची, बैलाला ओढ कमी कशी लागेल. त्यातून जी सुधारलेली घाणी निघाली तिला वर्धा घाणी म्हणतात. मगन संग्रहालय 1938 पासून तिथं आहे. वर्ध्याला गेलात तर पाहून या, ग्रामोद्योगाची अवजारं डोळ्यांनी पाहता येतात.

आमच्या घरी जवसाचं तेल यायचं. घाणीत जवस किंवा तीळ फिरत असताना तेली मध्ये मध्ये पाण्याचा हबका मारतो. नव्या माणसाला वाटतं भेसळ करतो. तसं नाही. त्या पाण्यानं चोथा एकत्र येतो आणि तेल सुटं होतं. पाणी कमी पडलं तर तेल पेंडीतच राहतं, जास्त झालं तर सगळा चिखल. ते तेली आवाजावरून ओळखायचे, लाट करकरली की हबका.

घाणीची पेंड पूर्ण कोरडी नसते. एक्सपेलर, म्हणजे तेल काढायचं यंत्र, तेल जास्त ओढून काढतो, घाणी थोडं मागे ठेवते, म्हणून घाणीच्या पेंडीवर गाय तुटून पडते. पूर्णाताईंचा मुद्दा इथंही लागू आहे, मागे राहिलेलं कोणाच्या तरी पोटात जातच होतं.

एक कळकळीची विनंती. जवसाचं तेल लवकर खवट होतं. आमच्याकडे थोडं थोडं आणून महिन्याभरात संपवायचे. अलीकडे शहरातल्या एका दुकानातून "लाकडी घाणा" लिहिलेली मोठी बाटली आणली, झाकण उघडताच खवट वास. नावावर जाऊ नका, नाकावर जा. आणि जवळपास घाणी चालू असेल तर आपलं जवस नेऊन डोळ्यांसमोर काढून घ्या.

नवी सून, पांढरकवडा

मला एक साधं विचारायचं आहे. फडकं कोणतं घ्यायचं? सासूबाई जुन्या लुगड्याचं म्हणतात, ते आता घरात नाही. बाजारात नायलॉनची जाळी मिळते, ती धुवायला सोपी आहे.

पूर्णाकाठची

सासूबाई बरोबर सांगतात. सुती लुगडं किंवा धोतर पुष्कळदा धुतलेलं असतं, त्यातली खळ निघून गेलेली असते, आणि सूत फुगून वीण एकसारखी झालेली असते. लुगडं नसेल तर साधं मांजरपाट किंवा पंचाचं कापड आण, गरम पाण्यात दोन-तीनदा उकळून, चुरून घे. कोऱ्या कापडाची खळ चिकात उतरली तर चव बिघडते.

प्रत्येक कामाला एकच फडकं नको. चिकाला दाट विणीचं. आमरसाला आणि चिंचेला सैल, मलमलीसारखं. चक्क्याला मधलं. नायलॉनच्या जाळीतून आमरस चालेल, कारण तिथं फक्त रेषा अडवायच्या असतात. चिकाला ती जाळी नको, कोंडा जातो. आणि कोणतंही फडकं वापरायच्या आधी ओलं करून पिळून घे. कोरडं फडकं पहिलं दाट पाणी स्वतःच पिऊन टाकतं. ओलं झालं की सूत फुगतं आणि छिद्रं बारीक होतात.

चक्क्याचंही सांगून टाकते. दही फडक्यात बांधून खुंटीला टांगायचं, पहिले दोन तास हात लावायचा नाही. तेवढ्यात सुटं पाणी आपोआप गळतं. मगच गाठ थोडी आवळायची. दही ताजं असताना गाठोडं पिळलंस तर फडक्यातून दहीच बाहेर येतं आणि जे राहतं ते कणीदार होतं. खाली हिरवट पाणी जमतं, त्यात कणीक भिजव किंवा कढीला वापर. उन्हाळ्यात रात्रीच बांध, दिवसा टांगलेला चक्का आंबतो.

मोर्शीची लेक

आमरसाला मलमल, हे अगदी! गावरान आंबे रेषेचे असतात, त्यांच्याशिवाय रसाला चवही नाही. आधी पाण्यात बुडवून ठेवायचे, मग हातात फिरवून मऊ करायचे, देठ काढून पहिला चीक बाहेर दाबून टाकायचा, नाहीतर घसा खवखवतो. मग कोय आणि साल वेगळी. सालीला आतून एकदाच बोटं फिरवायची. दुसऱ्यांदा खरवडली की रसाला तुरटपणा आणि सालीचा उग्र वास येतो. कोयी मात्र थोड्या दुधात धुवायच्या, तो दुधाचा रसही गाळून त्यातच. गंजाच्या तोंडाला फडकं बांधून त्यावर रस ओतायचा आणि तळव्यानं गोल फिरवायचं. फडक्यावर राहिलेल्या रेषा पोरं चोखत बसतात. हा रस आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या शेवया), झालं जेवण.

अकोटची काकू

अक्षय तृतीयेची चिंचवणी राहिली! पितरांना घागर भरतो त्या दिवशी चिंचवणी लागतेच. चिंच कोमट पाण्यात भिजवून बोटांनी कुस्करायची, पहिला दाट कोळ काढायचा, मग अर्ध्या पाण्यात दुसरा. तिसरा काढू नका, चिंचेचं लाकूड उतरतं. गूळही वेगळा विरघळवून गाळून घ्या, गावच्या गुळात खडे-काड्या असतात. जिरेपूड घाला. उरलेल्या रेषांनी देवाची पितळी भांडी घासा, लखलखतात.

शाळामास्तर वाशीम

काकू, भांड्यांवरून आठवलं. चिंच, दही, आंबील, आमरस हे कल्हई उडालेल्या पितळेच्या गंजात गाळून ठेवू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. कल्हईवाला गावात येत नसेल तर स्टील नाहीतर चिनी मातीची बरणी घ्या.

विहिरीकाठी

अंबाडीच्या भाजीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाला उकडून पाणी काढतात, त्याशिवाय आंबटपणा झेपत नाही. पण काही जण मूठ आवळून शेवटचा थेंब काढतात आणि मग भाजी बेचव झाली म्हणतात. उकडलेला पाला चाळणीत घालून वर पळी ठेवून थोडं दाबा, बस. आंबट राहू द्या. त्यात ज्वारीच्या कण्या शिजल्या की त्या तो आंबटपणा पिऊन घेतात. वरून लसणाची फोडणी आणि कच्चं तेल.

नवी सून, पांढरकवडा

सगळ्यांचे आभार. पंचाचं कापड आणून उकळून ठेवलं. गहू आज दुसऱ्या दिवसात आहेत, पाण्याला वास नाही. आता एकच, चीक शिजवताना गुठळी होऊ नये म्हणून काय करू? आणि शिजला हे कसं कळेल?

पूर्णाकाठची

जितका दाट चीक, तितकंच पाणी घे, एकाच वाटीनं मोज. पाण्यात मीठ आणि हिंग घालून खळखळ उकळू दे. चीक तळाशी घट्ट बसलेला असतो, तो आधी थोड्या पाण्यानं हलवून सैल कर, मग एका हातानं बारीक धार धरून ओत आणि दुसऱ्या हातानं लाकडी चाटू एकाच दिशेनं फिरवत राहा. एकटी असशील तर कोणाला तरी धार धरायला बसव. दोघींचं काम आहे हे.

आधी तो पांढरा दिसेल, मग काचेसारखी झाक येईल. झाक आली की आच मंद करून झाकण ठेव आणि एक वाफ येऊ दे. ओलं बोट लावून बघ, बोटाला चिकटला नाही तर शिजला. बोटाला चिकटला तर पुन्हा वाफ.

सोऱ्याला आतून तेलाचं बोट लावून गरम गरमच भर. गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही, दांडा दाबून तळवे सोलून निघतात. म्हणून सगळा चीक एकदम शिजवू नकोस, अर्धा आधी घे आणि तो बाजेवर घालून संपला की मगच उरलेला चुलीवर ठेव. आणि पहिल्या घाण्यातली एक वाटी बाजूला काढून दूध-साखर घालून सासूबाईंना दे, गरम असतानाच.